पाच प्रकारच्या कोळंब्या एका टाकीत: पैदास का होत नाही?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ४० लिटरची टाकी, स्पंज फिल्टर, मॉस आणि दोन-चार झाडं. तीन आठवडे टाकी कोळंब्यांविना, नुसता फिल्टर लावून चालवली आणि मग लाल चेरी, निळी, पिवळी, क्रिस्टल रेड आणि अमानो अशा पाच प्रकारच्या कोळंब्या सोडल्या. क्रिस्टल पंधरवड्यात संपल्या. चेरी अधूनमधून एखादी मरते, आणि बहुतेक वेळा आठवड्याचं अर्धं पाणी बदलल्यावर एक-दोन दिवसांत. अमानोच्या पोटाखाली भरपूर अंडी दिसतात, एक दिवस ती नाहीशी होतात आणि पिल्लू मात्र एकही दिसत नाही. आता तुम्ही विचारताय की या सगळ्यांची पैदास एकत्र कशी करायची.

एकत्र होणार नाही, हे आधीच सांगतो. पण तुमचं खरं दुखणं पैदाशीचं नाही. ज्या टाकीत मोठी कोळंबीच तगत नाही, तिथे पिल्लांचा विचार नंतरचा. दुसरं म्हणजे, तुम्ही ज्यांना पाच प्रकार म्हणताय ते मुळात तीनच आहेत. लाल, निळी आणि पिवळी ही एकच जात, फक्त रंग वेगळे. क्रिस्टल ही दुसरी, तिला पाणीच वेगळं लागतं. अमानो तिसरी, आणि तिची पिल्लं गोड्या पाण्यात वाढत नाहीत. त्यामुळे तुमच्या एका प्रश्नाची तीन उत्तरं होतात.

यातलं बरंचसं तुमच्या नळाच्या पाण्यावर अवलंबून आहे आणि त्याबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. पाणी जड आहे की मृदू, क्लोरीन किती, उन्हाळ्यात टाकी किती तापते, हे कळल्याशिवाय पुढचे आकडे अंदाज म्हणूनच घ्या. कारणं मात्र सगळीकडे सारखीच असतात, म्हणून त्यांच्यावरच जास्त बोलतो.

आधी मरण्याचं बघू. कोळंबीचं कवच तिच्याबरोबर वाढत नाही, म्हणून वाढायचं असेल तर तिला कात टाकावी लागते. लहान पिल्लं दर काही दिवसांनी टाकतात, मोठ्या साधारण तीन-चार आठवड्यांनी. जुन्या कवचाखाली नवं मऊ कवच तयार होतं, कोळंबी पाणी शोषून फुगते, डोक्याकडचं कवच आणि शेपटीकडचा भाग यांच्या सांध्यावर जुनं कवच उकलतं आणि ती एका झटक्यात बाहेर पडते. मग पुढचा दिवसभर कुठेतरी मॉसमध्ये दडून बसते, कारण अंग मऊ असतं. नवं कवच घट्ट व्हायला कॅल्शियम लागतं आणि त्यातलं बरंचसं ती पाण्यातून घेते. आता तुम्ही अर्धं पाणी एकदम काढून नवं ओतलंत, की क्षारांचं प्रमाण आणि तापमान क्षणात बदलतं. त्या धक्क्याने जिची वेळ झालेली नाही तीही कात टाकायला निघते. तयारी अर्धवट असल्याने कवच नीट उकलत नाही, सांध्याभोवती पांढरी कडी दिसते आणि कोळंबी त्यातच अडकून मरते. मेलेल्या चेरीकडे बारकाईने बघा. ही पांढरी कडी दिसली तर आजार वगैरे शोधत बसू नका, पाणी बदलायची पद्धत बदला.

टाकीत पडलेली रिकामी कात बघून नवीन लोक घाबरतात. कात काचेसारखी पारदर्शक आणि पोकळ असते. मेलेली कोळंबी अपारदर्शक, गुलाबीसर होते. कात काढून टाकू नका, त्या स्वतःच ती खातात आणि क्षार परत मिळवतात.

मी पाणी आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास बदलतो, आणि टाकी शांत असेल तर तेही लांबवतो. नवं पाणी टाकीच्या तापमानाला आणतो आणि एअर पंपाच्या बारीक नळीला गाठ मारून थेंब-थेंब सोडतो. बाष्पीभवनाने पातळी उतरते तेव्हा फक्त पाणी उडतं, क्षार मागे राहतात. म्हणून ती भर आरओच्या किंवा डिस्टिल्ड पाण्याने घालायची. नळाच्या पाण्याने भर घालत राहिलात तर काही महिन्यांत पाणी नकळत जड होत जातं.

चेरीला साधारण १८ ते २८ अंश तापमान, पीएच ६.५ ते ८, जीएच (पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) ६ ते १२, केएच (पीएच स्थिर ठेवणारे कार्बोनेट क्षार) २ ते ८ चालतं. टीडीएस १५० ते ३०० असा सांगतात, पण टीडीएस मीटरवर लोक गरजेपेक्षा फार विश्वास टाकतात. तो मीटर पाण्यात किती विरघळलंय याचा अंदाज देतो, काय विरघळलंय हे सांगत नाही. घरात पाणी मृदू करणारं यंत्र असेल तर ते कॅल्शियम, मॅग्नेशियम काढून त्या जागी सोडियम सोडतं. मीटरवर २५० दिसेल आणि जीएच शून्याजवळ असेल. अशा पाण्यात कोळंबी छान खाते-पिते, फिरते आणि पुढची कात टाकताना मरते. म्हणून जीएच-केएचचं थेंबांचं टेस्ट किट आधी घ्या, मीटर नंतर.

तीन आठवड्यांत टाकी तयार होते का? कधी होते, कधी नाही. घाणीतून तयार होणारी विषं, अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य हवीत, नायट्रेट २० पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) खाली. पण कोळंबीसाठी एवढंही पुरत नाही. काचेवर, पानांवर, स्पंजवर जो बुळबुळीत थर जमतो, शेवाळ, जिवाणू आणि सूक्ष्मजीवांचा, तोच तिचं मुख्य अन्न. तो जमायला वेळ लागतो. मी नवी टाकी दोन महिने तरी तशीच चालू देतो आणि काचेवर हिरवा थर दिसला तरी पुढची काच सोडून बाकी घासत नाही. चकचकीत टाकीत पिल्लं उपाशी मरतात, हे अनेकांना पटत नाही.

विषांबद्दल दोन गोष्टी. नळाच्या पाण्यात नुसता क्लोरीन असेल तर पाणी दिवसभर उघडं ठेवून चालतं, पण क्लोरामाइन असेल तर तो असा उडून जात नाही, क्लोरीन काढणारं औषध घालावंच लागतं. आणि माशांच्या अनेक औषधांत तांबं असतं, ते कोळंबीला घातक. गंमत म्हणजे तिच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्यही तांब्याचंच असतं, त्यामुळे खाद्याच्या डब्यावर किंचित तांबं लिहिलेलं बघून घाबरायचं कारण नाही. पाण्यात विरघळलेलं तांबं मात्र वेगळी गोष्ट. कीटकनाशकांचं तर बोलायलाच नको. डासांसाठी खोलीत मारलेला फवारा एअर पंप ओढून घेतो आणि सकाळपर्यंत टाकी साफ. नवी पाणवनस्पती आणलीत तर तिच्यावर फवारणी झालेली असू शकते. ती आठवडाभर वेगळ्या बादलीत, पाणी बदलत ठेवा, किंवा टिश्यू कल्चरची झाडं घ्या.

आता रंगांचं. लाल चेरी, निळी, पिवळी, नारिंगी, चॉकलेटी, सगळ्या निओकॅरिडिना डेव्हिडी या एकाच जातीच्या. पूर्व आशियातल्या ओढ्यांतली ही मूळची मळकट, तपकिरी-हिरवट, अर्धपारदर्शक कोळंबी. आपण बघतो ते रंग पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेले आहेत. त्या एकत्र ठेवल्या तर आनंदाने एकमेकांशी जुळतात आणि काही पिढ्यांत टाकी मूळच्या मळकट रंगाकडे परतते. पिल्लं निरोगीच असतात, फक्त तुम्ही ज्या रंगासाठी पैसे मोजले तो नसतो. त्यामुळे एक टाकी, एक रंग. आणि एकाच रंगातही फिकी पिल्लं निघतात, ती वेळोवेळी वेगळी काढली तर ओळ टिकते. तुम्हाला रंगांची मिसळ चालणार असेल तर हा मुद्दा सोडून द्या, त्यात चूक काही नाही.

चेरीची पैदास करावी लागत नाही, ती होते. पाणी स्थिर, मासे नाहीत, भरपूर मॉस, बस. दहा-पंधरा कोळंब्यांपासून सुरुवात करा, म्हणजे नर-मादी दोन्ही नक्की येतात. मादी मोठी, रंगाने गडद, पोट खाली गोलाकार. तिच्या मानेमागे पिवळसर किंवा हिरवट खोगीर दिसतं, ती अंडाशयातली अंडी. तिने कात टाकली की पाण्यात तिचा गंध पसरतो आणि सगळे नर वेड्यासारखे टाकीभर पोहू लागतात. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं पाण्यात विष पडलं. एक-दोन तासांत शांत होतात. मग अंडी पोटाखाली येतात, साधारण वीस-तीस, आणि मादी पोटाखालच्या पायांनी त्यांना सतत वारा घालत राहते. पाण्याच्या तापमानाप्रमाणे तीन ते चार-पाच आठवड्यांत पिल्लं बाहेर पडतात, दोन-एक मिलिमीटरची, पण आकाराने हुबेहूब आईसारखी. पहिल्या खेपेच्या मादीने अंडी धरून न ठेवता सोडून दिली तर मनावर घेऊ नका, हे होतं. अंडी धरलेल्या मादीला जाळीच्या डब्यात वेगळं काढायचा मोह आवरा. पकडापकडीत अंडी गळतात, आणि त्या डब्यात पिल्लांना खायला थर नसतो. आई पिल्लांना खात नाही, त्यामुळे वेगळं काढून मिळवायचं काही नसतंच. मासे मात्र खातात, तोंडात मावेल ते सगळं. ओटोसिंक्लससारखा शेवाळ चाटणारा छोटा मासा सोडला तर पैदाशीच्या टाकीत मी कोणालाच ठेवत नाही.

क्रिस्टल का गेल्या, ते आता ओघाने येतं. ही कॅरिडिना, वंशच वेगळा, त्यामुळे चेरीशी तिचा संकर होत नाही आणि ती भीती बाळगायला नको. १९९० च्या दशकात जपानमध्ये हिसायासु सुझुकी यांनी काळ्या-पांढऱ्या ‘बी’ (इंग्रजीत मधमाशी) नावाच्या कोळंबीत निपजलेल्या लाल पिल्लांपासून निवड करत ही ओळ तयार केली. लाल रंग इथे अप्रभावी आहे, म्हणजे शुद्ध काळीशी जुळवलीत तर पहिली पिढी काळीच निघते. इतक्या थोड्या जनावरांपासून सुरू झालेली ओळ असल्याने ती नाजूक आहे आणि पाण्याच्या बाबतीत हट्टी. पीएच ५.५ ते ६.५, केएच ० ते १, जीएच ४ ते ६, टीडीएस १०० ते १५० आणि तापमान २० ते २४ अंश. चेरीच्या आकड्यांशी ताडून बघा, दोघींचं जेमतेम कुठे जुळतं. मधलं पाणी धरून दोघींना जगवणारे लोक आहेत, पण तिथे क्रिस्टल तग धरते, वाढत नाही.

क्रिस्टलसाठी आरओचं पाणी घेऊन त्यात केएच न वाढवणारा, फक्त जीएच देणारा मिनरल पावडरचा प्रकार मोजून मिसळायचा आणि तळाला अ‍ॅक्टिव्ह सॉइल टाकायची. ही सॉइल पाण्यातला केएच शोषून पीएच खाली धरून ठेवते. नळाचं जड पाणी घातलंत तर तिची ताकद काही महिन्यांतच संपते, आणि आरओवरही साधारण दीड-दोन वर्षांनी बदलावी लागते. नवी सॉइल सुरुवातीला अमोनिया सोडते, त्यामुळे ही टाकी तयार व्हायला चेरीच्या टाकीपेक्षा जास्त वेळ द्यायचा. आणि गरम उन्हाळ्यात थंड ठेवायची सोय नसेल तर माझं स्पष्ट मत, क्रिस्टलच्या वाटेला जाऊ नका. पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर सोडून दोन-तीन अंश उतरतात, त्यापुढे चिलरच लागतो.

राहिली अमानो, आणि तुमच्या प्रश्नातला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. कॅरिडिना मल्टिडेंटाटा. जपानी छायाचित्रकार आणि जलोद्यानकार ताकाशी अमानो यांनी १९८० च्या दशकात शेवाळ खाण्यासाठी ती टाक्यांत आणली आणि त्यांचंच नाव तिला चिकटलं. तिच्या पोटाखालची अंडी चेरीच्या शेजारी ठेवून बघा. चेरीची थोडी आणि टपोरी, अमानोची हजाराच्या वर, खसखशीएवढी. सगळा फरक यातच आहे. मोठ्या अंड्यात इतका बलक असतो की पिल्लू आतच पूर्ण आकार घेऊन बाहेर येतं. बारीक अंड्यातून बाहेर पडते ती अळी, जिला अजून चालता येत नाही. निसर्गात ती प्रवाहाबरोबर समुद्राकडे वाहत जाते, खाऱ्या पाण्यात वाढते आणि कोळंबीचा आकार आल्यावर नदीतून वर चढते. तुमच्या टाकीत अळ्या निघाल्याच असणार. त्या काही दिवसांत मेल्या किंवा कोणीतरी खाल्ल्या, एवढंच.

म्हणून कुठलीही अनोळखी जात घेताना पहिला प्रश्न हाच विचारा, अंडी किती आणि केवढी. बांबू कोळंबी, जी प्रवाहात बसून पंख्यासारख्या हातांनी अन्न गाळते, तीही अमानोच्याच वाटेची. मोठ्या नांग्यांच्या मॅक्रोब्रॅकियममधल्या अनेक जातींनाही अळीच्या अवस्थेत खारं पाणी लागतं, आणि त्या लहान कोळंब्यांना खातात ते वेगळंच. सुलावेसीच्या सरोवरांतली कार्डिनल कोळंबी मात्र थोडी, मोठी अंडी देते आणि गोड्या पाण्यातच वाढते, पण तिला २७ ते ३० अंश आणि ७.५ च्या वरचा पीएच हवा. म्हणजे ती क्रिस्टलच्या नेमकी उलट, तिलाही टाकी स्वतंत्रच.

अमानोची पिल्लं काढायचीच असतील तर जमतं, फक्त धीर हवा. अंडी धरल्यापासून चार-पाच आठवडे थांबा. अंड्यांत डोळ्यांचे काळे ठिपके दिसू लागले की मादीला हलक्या हाताने छोट्या गोड्या पाण्याच्या टाकीत घ्या, त्यात मासे किंवा जोराचा फिल्टर नको. अळ्या बहुतेक रात्री निघतात, डोकं खाली करून लटकल्यासारख्या पोहतात आणि उजेडाकडे जातात. कोपऱ्यात टॉर्च धरली की तिथे गोळा होतात, तिथून नळीने ओढून घ्यायच्या. दोन-तीन दिवसांच्या आत त्या खाऱ्या पाण्यात गेल्या पाहिजेत, लिटरला ३० ते ३५ ग्रॅम सागरी मीठ. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, समुद्री टाकीसाठी मिळणारं मिश्रणच घ्या. हे पाणी आणि त्यातलं हिरवं सूक्ष्म शेवाळ आधीपासून तयार ठेवायचं, अळ्या निघाल्यावर धावपळ करून भागत नाही. टेट्रासेल्मिस किंवा नॅनोक्लोरोप्सिसचं जिवंत कल्चर, त्यावर सतत उजेड, आणि हवेचे अगदी हळू बुडबुडे. स्पंज फिल्टरसुद्धा नको. महिना ते दोन महिन्यांत एकेक अळी कोळंबीच्या आकाराला येते, सरळ पोहते, काचेवर चालू लागते. तेव्हा तिला लगेच गोड्या पाण्यात आणायचं, कारण रूपांतरानंतर खारं पाणी तिला मानवत नाही. सगळ्या एका दिवशी बदलत नाहीत, त्यामुळे रोज बघून वेचावं लागतं. या खटाटोपात हजारातल्या मूठभर हाती लागल्या तरी पहिल्या वेळेला चांगलंच म्हणायचं.

खाऊ घालण्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण एक सांगायलाच हवं. रोज खाद्य टाकणारे लोक कोळंब्यांपेक्षा प्लॅनेरिया जास्त वाढवतात. हा त्रिकोणी डोक्याचा चपटा किडा पिल्लं आणि कात टाकलेल्या मऊ कोळंब्या खातो. आठवड्यातून दोन-तीनदा, दोन तासांत संपेल एवढंच द्या. उकळलेलं पालकाचं पान किंवा काकडीची चकती चालते, उरलेलं काढून टाकायचं. देशी बदामाचं (टर्मिनालिया कटप्पा) वाळलेलं पान कायम पडलेलं असू द्या, त्यावर थर धरतो आणि पिल्लं त्यालाच चिकटून असतात. प्लॅनेरिया झालाच तर फेनबेंडाझोल हे जंतनाशक त्याला मारतं आणि कोळंबीला सोसतं, गोगलगायींच्या काही जाती मात्र जातात, त्या आधी बाहेर काढा.

आता तुमच्या टाकीत करायचं ते एवढंच: अर्धं पाणी बदलणं आजपासून बंद, दहा टक्के आणि थेंबाथेंबाने. निळी-पिवळी कोणाला तरी द्या किंवा दुसऱ्या टाकीत हलवा, लाल ठेवा. अमानो राहू द्या, त्या चेरीला त्रास देत नाहीत, खाद्य पळवतात तेवढंच. नव्या क्रिस्टल आणू नका. चेरीने दोन-तीन महिने न मरता कात टाकली की पिल्लं आपोआप दिसतील, आणि पुढच्या वर्षभरात जास्त झाल्या म्हणून काय करू, असा प्रश्न तुम्हीच विचाराल. तेव्हा त्या ओढ्यात, तळ्यात सोडू नका. जर्मनीत गिलबाख नावाच्या ओढ्यात वीजकेंद्राचं कोमट पाणी येतं, तिथे याच चेरीच्या जातीने बस्तान बसवलेलं आहे.

पुढे लिहाल तेव्हा नळाच्या आणि टाकीच्या पाण्याचा जीएच, केएच, पीएच वेगवेगळा मोजून द्या, आणि दुपारचं तापमानही. नळाचं पाणी बादलीत चोवीस तास ठेवून मग पीएच मोजा, ताज्या पाण्याचा आकडा विरघळलेल्या वायूंमुळे फसवतो.